वाटेवरचे पाणी उतरवताना : पायवाट दुरुस्ती शिबिराच्या नोंदी

१३ सप्टेंबर, शनिवार. पाहणी

वाटेची लांबी ३८० मीटर, एकूण चढ ४२ मीटर, म्हणजे सरासरी ११ टक्के. कागदावर हा आकडा अगदी सोज्वळ दिसतो. तुकडे पाडून मोजली की वाटेचे खरे रूप कळते. पायथ्याचे १५० मीटर ६ टक्के, मधले ९५ मीटर २४ टक्के, माथ्याकडचे १३५ मीटर साडेसात टक्के. दुखणे मधल्या ९५ मीटरमध्ये आहे.

मोजणीसाठी ५ मीटर सुतळी, दोन काठ्या आणि सुतळीवर अडकवायची छोटी पाणसळ पुरते. सुतळीचे वरचे टोक जमिनीला टेकवायचे, खालचे टोक काठीवर वर-खाली करत बुडबुडा मधोमध आणायचा. खालच्या काठीवर जी उंची येईल तिला ५ ने भागायचे. १.२० मीटर आली, म्हणजे २४ टक्के. सुतळी ताणलेलीच हवी. झोळ पडला की पाणसळ झोळाचा उतार दाखवते. मोबाइल जमिनीवर ठेवून उतार मोजू नये, तो एका दगडाचा उतार सांगतो.

याच ठिकाणी डोंगराचा स्वतःचा उतार २८ टक्के आहे. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, हा वाट बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा. त्या हिशेबाने इथे कमाल १४ टक्के चालले असते. २४ टक्के म्हणजे वाट जवळजवळ सरळ उताराच्या दिशेनेच खाली येते. अशा वाटेवर चढलेले पाणी बाजूला उतरायला तयार होत नाही, कारण त्याला सर्वांत सोपा रस्ता वाटच असते. वेग दुप्पट झाला की पाण्याची खरवडण्याची ताकद साधारण चौपट होते, त्यामुळे ओघळ खालच्या टोकाला जास्त खोल आहे. वर ३५ सेंटिमीटर, खाली ५०.

रुंदी मूळची ९० सेंटिमीटर, आता एका जागी ३ मीटर ४०. लोकांना शिस्त नाही असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. ओघळीत सुटे गोटे आहेत, त्यावरून पाय सटकतो, म्हणून माणूस काठावरून चालतो. काठावरचे गवत मरते, काठ ढासळतो, पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. फलक लावून हे थांबत नाही.

पायथ्याच्या १५० मीटरचा आजार वेगळा आहे. तिथे चढ कमी, पण बाहेरच्या कडेला १० ते १५ सेंटिमीटर मातीचा वरंबा साचला आहे आणि वाटेची पन्हळ झाली आहे. पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. हे सोपे काम आहे.

२० सप्टेंबर, शनिवार. निर्णय आणि आखणी

जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी हातात आली. त्यात तीन गोष्टी स्पष्ट मागून घेतल्या होत्या: कुठली झाडे-झुडपे तोडता येतील, दगड कुठून उचलता येईल, आणि जुना तुकडा कायमचा बंद करता येईल का. तिसरी परवानगी नसेल तर नवी वाट खोदण्यात अर्थ नाही. दोन्ही वाटा उघड्या राहिल्या की लोक जवळची पकडतात.

९५ मीटरपैकी खालच्या १५ मीटरला दोन्ही बाजूंनी कातळ आहे, वाट वळवायला जागाच नाही. तिथे दगडी पायऱ्या. वरचे ८० मीटर सोडून द्यायचे. त्या ८० मीटरमध्ये १९.२ मीटर चढ आहे. १० टक्क्यांनी चढायचा तर १९२ मीटर नवी वाट लागेल. ९६-९६ मीटरचे दोन पट्टे आणि मध्ये एकच वळण. तीन-चार वळणांची आखणीही करून पाहिली होती, पण प्रत्येक वळण म्हणजे आडवाट मारण्याचे आमंत्रण. वळण एकच, आणि तेही असे की वरच्या पट्ट्यावरून खालचा दिसणार नाही.

१० टक्के ही सरासरी. दर १८ मीटरमध्ये ३ मीटर वाट किंचित उलटी, म्हणजे खाली उतरती, ठेवायची आहे. या खोलगट भागाला आम्ही बुडी म्हणतो. तिथे वाटेवरचे पाणी अडते आणि बाहेर पडते. त्या ३ मीटरमध्ये ३ टक्क्यांनी ९ सेंटिमीटर उंची गमावली जाते, ती उरलेल्या १५ मीटरमध्ये भरून काढावी लागते. म्हणून चढाचा भाग साडेबारा टक्क्यांचा आखला. १४ च्या आत बसतो. आखणीत १० च धरून नंतर 'बुड्या घालू' म्हटले की माथा गाठताना शेवटच्या २० मीटरमध्ये शिडी होते.

आखणी ए-फ्रेमने, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीने. दोन पायांत २ मीटर अंतर, वरून ओळंबा (दोरीला टांगलेले वजन). खालच्या बाजूच्या पायाला २५ सेंटिमीटरचा ठोकळा बांधला की ओळंबा मध्यखुणेवर येतो तेव्हा चढ साडेबारा टक्के. मध्यखूण काढायची रीत: ठोकळा सोडून चौकट उभी करायची, ओळंब्याची रेघ मारायची, पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर पुन्हा उभी करायची, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरी खूण. दर ४ मीटरला झेंडी.

२७ सप्टेंबर, शनिवार. तळाची जागा आणि सामान

माणसे १८: काम करणारे १४, गटप्रमुख ३, तळ सांभाळणारा १. तळ सांभाळणाऱ्याला कामावर ओढायचे नाही. दर शिबिरात हा मोह होतो, आणि दुपारी दोनला पाणी तयार नाही असे कळते.

तंबू आधीच वापरात असलेल्या टणक जागेवर. कोवळ्या गवतावर पहिल्या काही फेऱ्यांतच सर्वाधिक नुकसान होते. आधीच तुडवलेल्या जागेवर पुढच्या शंभर फेऱ्यांनी तितका फरक पडत नाही. म्हणून दाट जंगलात 'छान मोकळी जागा' सापडली तरी ती सोडून द्यायची. ओढ्यापासून किमान ६० मीटर अंतर पावलांनी नव्हे, दोरीने मोजले. वर मान करून वाळक्या फांद्या पाहिल्या: दोन सापडल्या, त्या झाडाखालची जागा दोरीने बंद केली. कोरड्या ओहोळाच्या पात्रात एकही तंबू नाही, जागा कितीही सपाट असली तरी.

पाण्याचा हिशेब: पिणे आणि स्वयंपाक माणशी रोज ५ लिटर, हात आणि भांडी ३ लिटर. १८ माणसांना १४४ लिटर, म्हणजे २० लिटरचे ८ कॅन रोज. ओढा २५० मीटरवर. पिण्याचे पाणी कापडातून गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट (२००० मीटर उंचीच्या वर ३ मिनिटे). इंधन कमी पडले तर सोबत बिनवासाचे ५-६ टक्क्यांचे क्लोरीन ब्लीच: लिटरला २ थेंब, ढवळून ३० मिनिटे थांबायचे. २० लिटरच्या कॅनला ४० थेंब, साधारण २ मिलिलिटर. गढूळ पाण्याला दुप्पट, पण आधी निवळू द्यायचे. काही चिवट परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून पहिली पसंती उकळण्यालाच.

शौचासाठी दोन चर: प्रत्येकी ३० सेंटिमीटर रुंद, ६० खोल, १.२ मीटर लांब. पाणी, तळ आणि वाट तिन्हींपासून ६० मीटरपेक्षा दूर, उताराच्या खालच्या अंगाला. एकट्या-दुकट्या माणसाने १५-२० सेंटिमीटरचा खड्डा करावा हे ठीक. १८ माणसांनी तीन दिवस तसे केले तर सगळा उतार खड्ड्यांचा होतो. शेजारी मातीचा ढीग आणि डबा, प्रत्येक वेळी माती. पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटर उरले की चर बुजवायचा. परतीच्या वाटेवर तोटीचा कॅन आणि साबण. चरापाशी नव्हे, स्वयंपाकाच्या जागेच्या तोंडाशी, म्हणजे हात न धुता कोणी आत येऊ शकत नाही.

हत्यारे: टिकाव ६, कुदळी ४, फावडी ५, पहारी ३ (दीड मीटर लांब, सुमारे ८ किलोची), घमेली ८, कोयते २, हातकरवत १, घण १, छिन्न्या ३, दाताळी २, चष्मे आणि हातमोजे सगळ्यांना. बुटांचे तळ आणि हत्यारे निघण्यापूर्वी घासून धुतली. मागच्या कामाच्या जागेवरची माती म्हणजे मागच्या जागेवरचे तण.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळची पहिली २० मिनिटे हत्यार न उचलता. वाटेवर १ लिटर पाणी ओतून ते कुठे जाते ते सगळ्यांना पाहायला लावले. पन्हळीत ते ६ मीटर खाली गेले आणि मगच जिरले. यानंतर 'वरंबा का काढायचा' हे समजावावे लागत नाही.

हत्यारांचे नियम थोडक्यात: दोन माणसांत ३ मीटर. चालताना हत्यार उताराच्या बाजूच्या हातात, पाते पुढे आणि खाली. खांद्यावर नाही, कारण पाय घसरला की खांद्यावरचा टिकाव मानेवर येतो. जवळून जाणाऱ्याने 'येतोय' म्हणायचे आणि समोरच्याने हत्यार खाली ठेवून 'या' म्हणेपर्यंत थांबायचे. टिकाव डोक्याच्या वर न्यायचा नाही. पाणी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न पाहता.

नवख्या हातांना पायथ्याचे काम. पन्हळ फोडणे: वाटेच्या बाहेरच्या कडेकडून अर्धगोल तासायचा, कडेला ३ मीटर लांब, मध्यावर बाहेरच्या अंगाला १५ टक्के उतार, दोन्ही टोकांना हळूहळू वाटेच्या पातळीत विरून जाणारा. चालणाऱ्याला तो जाणवू नये, पाण्याला जाणवावा. दिवसभरात ८ झाले. काढलेली माती फावड्याने उतारावर लांब फेकून पातळ पसरायची. कडेला ढीग लावला की पुढच्या हंगामात तोच वरंबा होतो. ही एक गोष्ट आज किमान दहा वेळा सांगावी लागली. हाताला माती जवळ टाकायची सवय असते.

चूल गॅसची, शेकोटी नाही. जाळायला वाळके लाकूड भरपूर पडले होते, पण पुढे जुन्या वाटेत हेच लाकूड लागणार आहे. शिवाय पडके खोड म्हणजे कीटक, बुरशी, सरडे यांचे घर. शेगडी तंबूत न्यायची नाही, पाऊस आला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रात्री ८.३० ला सगळे दिवे बंद, अर्धा तास. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या टॉर्चने सगळे पुन्हा शून्यावर येते. म्हणून गरजेला फक्त लाल प्रकाश. पहिली दहा मिनिटे कुजबुज चालते, मग आपोआप थांबते. बसण्याची जागा दिवसाच ठरवून, दगड-धोंडे काढून ठेवलेली असावी.

५ ऑक्टोबर, रविवार

पहाटे कामाआधी १० मिनिटे ऐकण्याची नोंद. प्रत्येकाला एक कागद, मध्ये फुली म्हणजे आपण. आवाज येईल त्या दिशेला खूण. पक्ष्याचे नाव येत नसेल तर आवाजाचे वर्णन: 'दोन टक-टक, मग शिटी'. नावे नंतर जुळवता येतात. खुणा एकत्र केल्यावर ओढ्याकडच्या झुडपांत सर्वांत जास्त हालचाल दिसली, म्हणून वळणाची जागा ७ मीटर अलीकडे घेतली. तिथली जमीनही जास्त सपाट निघाली.

चूक: झेंड्यांच्या रांगेत १२ मीटर १५ टक्क्यांनी चढत होते. ए-फ्रेमचा एक बोल्ट रात्रीतून सैल झाला होता, पाय ३ सेंटिमीटर सरकला आणि मध्यखूण पुन्हा काढली नव्हती. नियम ठरला: रोज सकाळी आणि चौकट पडली तर लगेच, उलटून तपासणी. आणि दर २० मीटरला सुतळी-पाणसळीने पडताळा.

खोदाई सुरू. वाट पूर्ण कापून बसवायची, ९० सेंटिमीटर रुंद, सगळी मूळ जमिनीत. निम्मी कापायची आणि निघालेल्या मातीने बाहेरची निम्मी भरायची, हा मोह टाळायचा. भराव वर्षभर बसत राहतो, कड खचते, लोक आतून चालतात आणि वाट हळूहळू उताराखाली सरकते. पृष्ठभाग बाहेरच्या अंगाला ५ टक्के कलता, ९० सेंटिमीटरवर साडेचार सेंटिमीटर. आतला कापलेला काठ उभा ठेवायचा नाही, साधारण ४५ अंशांत तासायचा, नाहीतर पहिल्या पावसात तो वाटेवर येऊन बसतो. हिशेबाने मीटरमागे ०.१२ घनमीटर, पूर्ण १९२ मीटरला सुमारे २३ घनमीटर माती.

निघालेल्या गवताच्या गड्ड्या, मुळांसकट १० सेंटिमीटर जाड, सावलीत ओल्या गोणपाटाखाली. जुन्या वाटेवर लावायच्या आहेत. आज ३८ मीटर.

११ आणि १२ ऑक्टोबर

दोन दिवसांत ७१ आणि ८३ मीटर. नवी वाट माथ्याच्या तुकड्याला जोडली गेली. खोदणारे १०, मागून तासणारे २, दाताळ्याने माती पसरणारे २. तासणारे नेमके निवडावे लागतात. जोर नको, नजर हवी. पाण्याची बाटली आडवी ठेवून कल तपासला: बाहेर घरंगळली तर ठीक, वाटेच्या दिशेने घरंगळली तर पुन्हा तासायचे.

मुळे: अंगठ्याएवढी असतील तर करवतीने साफ कापायची, कोयत्याने पिंजायची नाहीत. मनगटाएवढी असतील तर वाटच थोडी वर घ्यायची. वाटेच्या लांबीच्या दिशेने जाणारे मूळ सर्वांत वाईट, ओले झाले की पाय त्यावरून घसरतो.

वळणावर २×२ मीटरचा जवळपास सपाट ओटा. वरच्या पट्ट्याचे पाणी वळणावर येऊ द्यायचे नाही, म्हणून त्याची शेवटची बुडी वळणाच्या ४ मीटर आधी. दोन पट्ट्यांच्या बेचक्यात मोठे दगड आणि काटेरी फांद्या. वळण झाले की अडथळा त्याच दिवशी घालायचा. आठवडाभर मोकळे राहिले तर आडवाट पडलेली असते.

दुपारी ३ ला गडगडाट. वीज आणि आवाज यांत ३० सेकंदांहून कमी अंतर, काम बंद, पहारी एका जागी ठेवून सगळे उघड्या उतारावरून खाली. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबून मगच परत. पाऊस आला नाही. काही जण कुरकुरले. नियम तरीही हाच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. पावसातली पाहणी

तासभर जोरदार पाऊस. दोन माणसे छत्री, फावडे आणि वही घेऊन वाटेवर. कोरड्या वाटेवर दहा वेळा फिरून जे दिसत नाही ते वाहत्या पाण्यात अर्ध्या तासात दिसते.

नव्या वाटेवरच्या १० बुड्यांपैकी ९ चालल्या. दहाव्यात पाणी साचले: बाहेर पडायचे तोंड झुडपाच्या बुंध्यापाशी होते, पाला अडकला. तोंड अर्धा मीटर पुढे सरकवले.

पायथ्याच्या ८ पैकी ३ अर्धगोल गाळाने भरले. तिन्हींत एकच कारण: तासणी कडेला जेमतेम १ मीटर होती. इतक्या अरुंद तोंडाला पाणी येते, वेग मंदावतो, गाळ तिथेच टाकते आणि दोन दिवसांच्या पावलांनी तो दाबला जातो. तिन्ही ३ मीटरपर्यंत वाढवले आणि बाहेर १ मीटर लांब नाळ काढली, जेणेकरून गाळ वाटेबाहेर पडेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार. पायऱ्या

१५ मीटरमध्ये ३.६ मीटर चढ. १८ सेंटिमीटरची एक, अशा २० पायऱ्या. पाच-पाचचे चार गट, पायरीची खोली ४० सेंटिमीटर, गटांमध्ये सव्वादोन-अडीच मीटरचे ओटे. १५ मीटरभर समान अंतराने पायऱ्या टाकल्या असत्या तर प्रत्येक ७५ सेंटिमीटर खोल झाली असती: एका पावलाला लांब, दोन पावलांना आखूड. अशा पायऱ्यांवर चालणारा लवकरच कडेने जाऊ लागतो.

दगड ६०×४०×२० सेंटिमीटरचा घेतला तर सुमारे १३० किलो भरतो. तो उचलायचा नसतोच. पहारीने उचकटायचा, खाली बोटभर जाडीचे लाकूड सरकवायचे, पुन्हा उचकटायचा, आणि लोळवत आणायचा. एकावेळी एकच माणूस आवाज देणार. दगडाच्या खालच्या बाजूला, उतारावर, कोणीही नाही. जागेवरून हलवताना दगड आपल्या बाजूला उलटायचा, म्हणजे त्याची ढाल आपल्या आणि खालच्या पोकळीच्या मध्ये राहते; आज दोन विंचू आणि एक बेडूक निघाले. ज्या दगडाखाली वस्ती दाट दिसली तो हळूच होता तसा परत ठेवला.

पायरी खालून वर बांधायची. पहिला दगड सर्वांत मोठा आणि निम्म्याहून जास्त जमिनीत, कारण वरच्या चारांचा भार अखेर त्याच्यावर येतो. खड्डा दगडापेक्षा सगळीकडून मूठभर मोठा, तळाशी खडी. दगड आत लोटला की आधी चारही कोपऱ्यांवर उभे राहून डुलवायचा. डुगडुगला तर मागून किंवा खालून चीप (दगडाची कपची) घालायची, दर्शनी बाजूने कधीच नाही. समोरून ठोकलेली चीप पावलांच्या दणक्याने पुढे निसटते आणि दगड पुन्हा हलतो. मग पहारीच्या बोथट टोकाने मागे खडी ठासायची, १० सेंटिमीटरचा थर, ठोकणे, पुढचा थर. मातीने भरून भागत नाही. पाणी माती खाऊन जाते आणि दगड अधांतरी राहतो. ठासलेल्या दगडावर पहारीने टोला दिला की आवाज भरीव येतो. पोकळ आला तर काढा. आज चौथी पायरी दोनदा काढली.

वरचा दगड खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर ५ ते ८ सेंटिमीटर चढलेला. वरच्याच्या वजनाने खालचा जागी राहतो. पृष्ठभागाला पुढे २-३ टक्के कल. मागे कल राहिला तर पाणी सांध्यात मुरते. दोन्ही बाजूंना उंचसखल, ओबडधोबड दगड, म्हणजे कडेने चालण्यापेक्षा पायरी सोपी वाटेल.

दोन गटांनी मिळून आज ६. हा वेग कमी नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आणखी ५ पायऱ्या. एका माणसाचे बोट दगड आणि पहारीमध्ये चेमटले, हातमोज्यामुळे फक्त नख काळे. कारण: दगड 'जरा बसवताना' हाताने धरला होता. दगड टेकेपर्यंत हात लावायचा नाही, सरकवायचे ते पहारीने. हे वाक्य सकाळच्या सूचनांत वाढवले.

चर बुजवले, वर ढीग थोडा उंच, कारण माती बसते.

२५ आणि २६ ऑक्टोबर. उरलेल्या पायऱ्या, जुनी वाट बंद

तीन गटांनी पहिल्या दिवशी ९ पायऱ्या पूर्ण केल्या. एकूण २०.

जुनी वाट ८० मीटर. २४ टक्के उतारावर ४० सेंटिमीटर उंचीचे दगड-लाकडाचे छोटे बांध शास्त्राप्रमाणे, म्हणजे खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायाच्या पातळीत, घातले तर दर १.६७ मीटरला एक, असे ४८ लागतात. तितका दगड नाही आणि तितके हातही नाहीत. वरच्या १२ मीटरमध्ये पूर्ण दाट, ७ बांध. खालच्या १० मीटरमध्ये ६. मधल्या ५८ मीटरमध्ये दर ४ मीटरला एक, १४. एकूण २७. वरून येणारे पाणी तोंडाशीच बाहेर वळवले आहे, त्यामुळे मधल्या बांधांवर फारसा लोंढा येणार नाही, हा हिशेब. तो बरोबर की चूक हे पुढच्या पावसात कळेल.

बांध नुसता ओघळीत रचायचा नसतो. तळात १५ सेंटिमीटर आणि दोन्ही काठांत ३० सेंटिमीटर खोबणी, मध्यभाग कडांपेक्षा १० सेंटिमीटर खाली, आणि पाणी पडते तिथे चपट्या दगडांचा थर.

बांधांच्या मधली दाबलेली जमीन टिकावाने १०-१५ सेंटिमीटर सैल केली, नुसती सैल, उलटीपालटी नाही. त्यावर जपून ठेवलेल्या गड्ड्या, आजूबाजूचा पालापाचोळा, वर फांद्या. बाहेरून रोपे किंवा बी आणले नाही. गड्ड्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा वाळला होता. गोणपाट दोन दिवस कोरडे राहिले.

दोन्ही तोंडे अशी झाकली की पलीकडे वाट होती हे कळू नये. माणूस दिसेल तिथे जातो, त्यामुळे जुन्या वाटेचे पहिले ५ मीटर उरलेल्या ७५ पेक्षा जास्त महत्त्वाचे.

८ नोव्हेंबर, शनिवार. तपासणी

मधल्या काळात दोन मोठे पाऊस. नवी वाट १९२ मीटर: खचलेली कड दोन जागी, एकूण साडेतीन मीटर. दोन्ही जागी खोदताना थोडा भराव राहून गेला होता. भराव काढून वाट ३० सेंटिमीटर आत घेतली.

पायऱ्या: २० पैकी १९ पक्क्या. नववी डुगडुगते. मागची खडी बसली. वरचा दगड काढल्याशिवाय दुरुस्ती होणार नाही.

जुनी वाट: मधल्या १४ पैकी एका बांधाला पाण्याने बगल दिली, डावा काठ ४० सेंटिमीटर कापला गेला. खोबणी मोजली तर ३० ऐवजी १२ सेंटिमीटर निघाली, आत मुळे लागल्यामुळे तिथेच सोडली होती. बाकी २६ बांधांमागे २ ते ९ सेंटिमीटर गाळ. गड्ड्यांत नवे कोंब.

आडवाटा: वळणाच्या बेचक्यात एक पुसट पायवाट, अडथळ्याच्या उजवीकडून. तिथे दीड मीटरचे मोकळे अंतर राहिले होते.

शिल्लक कामे: नववी पायरी (४ माणसे, २ पहारी, अर्धा दिवस). बगल दिलेल्या बांधाची खोबणी दुसऱ्या जागी. वळणावर ३ मोठे दगड. पायथ्याच्या ८ अर्धगोलांतला गाळ दर मोठ्या पावसानंतर एक माणूस, एक फावडे, दीड तास. ए-फ्रेमचा बोल्ट बदलणे.